बांगड्या रुतायला लागल्यात का, ते आधी बघा

कागल तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. लेक तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, पंचविसावा आठवडा चालू. सासर शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच, कारण मुलगी आतेभावाला दिली आहे. गेल्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाच्या पोटात आणि छातीत पाणी दिसलं, कातडीखाली सूज दिसली. डॉक्टरांनी कागदावर ‘हायड्रॉप्स’ असं लिहून पुण्याच्या तज्ज्ञांकडे जायला सांगितलं. सासरे म्हणतात, “पुण्याला जाऊन देवानं लिहिलेलं बदलतंय व्हय?” बाळाच्या अंगातलं पाणी वाढू नये म्हणून सासूबाईंनी सुनेचं पिण्याचं पाणी कमी केलंय आणि घेटुळीचा काढा सुरू केलाय. लेकीला अजून कुणी पुरतं सांगितलेलं नाही. पत्राचा शेवट असा आहे: “नात्यात दिली म्हणून हे झालं का? तिच्या पोटातल्या बाळाचं काय होईल ते मला कळत नाही. पण ती माझं बाळ आहे. तिला मी कशी सांभाळू?”

ताई,

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे. “पायाला सूज आहे, हातालाही थोडी आलीय, पण सगळे म्हणतात पहिलटकरणीला येतेच.” मी तिथेच थांबले. बाकी सगळ्याबद्दल सांगते, पण हे पत्र हातात पडेल त्या दिवशी आधी लेकीला फोन करा आणि विचारा, हातातल्या बांगड्या रुतायला लागल्यात का?

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट सांगते. राधानगरीच्या वरच्या अंगाची एक मुलगी आमच्याकडे दाखल होती. बाळाला हाच आजार. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या पोटातलं पाणी मोजण्यात आम्ही सगळे गुंतलो होतो. तिच्या अंगावर सूज होती आणि आम्ही सगळेच म्हणत होतो, गरोदर बाईला येतेच. पहाटे तिला आडवं पडता येईना, श्वास पुरेना. सलाईनसाठी हात धरला तेव्हा हिरव्या बांगड्या मनगटात इतक्या रुतलेल्या की सिस्टरांना त्या फडक्यात धरून वाढवाव्या लागल्या. खाली गोल लाल वळ होते. तिच्या फुप्फुसात पाणी उतरलं होतं. बाळ गेलं. ती वाचली, पण थोडक्यात वाचली. त्या बांगड्या आदल्या दिवशी कुणीतरी बघायला हव्या होत्या, आणि ते कुणीतरी मीही असू शकले असते. तेव्हापासून अशी पेशंट आली की आधी तिचे हात हातात घेऊन बघते.

बाळाला हायड्रॉप्स असताना काही आयांच्या अंगात तसंच पाणी साठायला लागतं. बाळाची सूज आईत उमटते, जसा आरसाच धरलाय. म्हणून याला मिरर सिंड्रोम म्हणतात. एडिंबराच्या बॅलंटाइन नावाच्या डॉक्टरांनी १८९२ मध्ये हे नोंदवून ठेवलं. प्रत्येकीला होतं असं नाही, पण झालं तर झपाट्याने वाढू शकतं. बीपी चढतं, लघवीत प्रथिनं जातात, रक्त पातळ होतं. यातली एक खूण पुष्कळदा हातची निसटते. हिमोग्लोबिन अचानक उतरतं आणि घरचे म्हणतात, गोळ्या नीट घेत नसेल. तुमच्या लेकीचं उतरलं तर तसं समजून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बाळाचा आजार आटोक्यात आला तर आईची सूजही उतरते. नाहीतर आईसाठी बाळंतपण आधी करावं लागतं. मधला, घरी थांबण्याचा मार्ग यात नाही.

तेव्हा रोज सकाळी उठल्यावर तिच्या नडगीवर अंगठा दाबून दहा सेकंद धरा. काढल्यावर खड्डा तसाच राहतोय का, कालच्यापेक्षा वर सरकलाय का, ते बघा. संध्याकाळी पाय सुजणं आणि सकाळी उतरणं हे पुष्कळ गरोदर बायांना होतं. सकाळी उठल्यावर चेहरा, पापण्या, बोटं सुजलेली असणं वेगळं. वजनकाटा असेल तर त्याच वेळी वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते अंगाला लागलेलं खाणं नसतं. बीपी सध्या रोज मोजलेलं बरं. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना सांगा, किंवा घरी बीपीचं मशीन आणा. १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, बरगडीखाली दुखत असेल, लघवी कमी झाली असेल, आडवं पडल्यावर धाप लागून उठून बसावं लागत असेल, पोटात कळा यायला लागल्या, पाणी किंवा रक्त गेलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. गाडी आल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: “बाळाला हायड्रॉप्स आहे आणि आईला सूज आलीय.” एवढं ऐकलं की समोरचा डॉक्टर कामाला लागतो.

आता पाण्याचं. तुमच्या वन्संनी मायेपोटीच केलंय, हे मी समजू शकते. पण लेकीला तहान लागेल तेवढं पाणी आजपासून द्या. बाळाच्या अंगातलं पाणी तिच्या तांब्यातून गेलेलं नाही. उसाच्या सरीत पाणी तुंबलं तर आपण ते कुठं अडलंय ते बघतो. विहिरीवरची मोटर बंद करून तुंबलेलं पाणी उतरत नाही. बाळाचंही तसंच आहे. त्याचं हृदय नीट पंप करत नसेल, रक्त फार पातळ झालं असेल, छातीत एखादी गाठ दाबत असेल, जंतुसंसर्ग असेल, गुणसूत्रांत फरक असेल, तर पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि पोटात, छातीत, हृदयाभोवती, कातडीखाली साठतं. यातल्या दोन ठिकाणी साठलं की हायड्रॉप्स म्हणतात. काढा बंद करा. घेटुळी सूज उतरवते म्हणून आपल्याकडे देतात, पण जिचं बीपी कधी चढेल सांगता येत नाही अशा पोरीला लघवी वाढवणारं काहीही, काढा असो की मेडिकलमधली गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. मीठही तोडायची गरज नाही. अंडी, डाळी, दूध, चालत असेल तर मटण, पांढरा रस्सा, जे तिला जाईल ते थोडं थोडं द्या. पोट फार मोठं झालं असेल तर एका वेळी ताटभर जेवण जात नाही. झोपताना कुशीवर, शक्यतो डाव्या, आणि पाठीशी उशी.

पुण्याला न्यायचं का? हो, न्या, आणि लवकर न्या. सासऱ्यांना सांगा, पुण्याला जायचं ते कारण शोधायला, कारण काही कारणांवर पोटातच इलाज होतो. प्रत्येक वेळी होतो असं खोटं सांगणार नाही. बऱ्याचदा बाळ वाचत नाही. पण कोणतं बाळ कोणत्या बाजूला आहे ते तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही, मलाही नाही.

बाळाच्या हृदयाचे ठोके फार वेगात पडत असतील तर त्यावर औषध आहे, आणि ते आईला गोळ्यांतून देतात, म्हणजे नाळेतून बाळाला पोचतं. त्यासाठी आधी तिचा स्वतःचा ईसीजी काढतात, रक्त तपासतात, औषध सुरू झाल्यावर पुन्हा पुन्हा बघतात. “हिच्या हृदयाला काय झालंय, हिचा कशाला ईसीजी?” म्हणून घरच्यांनी अडवू नये. बाळाचं रक्त कमी झालं असेल तर मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीत रक्त जोरात धावताना दिसतं, कारण पातळ रक्त भरभर वाहतं. नुसत्या डॉपलर सोनोग्राफीत ते कळतं. मग सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने नाळेच्या शिरेतून बाळाला रक्त चढवतात. बाळाला पोटात रक्त देण्याची सुरुवात न्यूझीलंडच्या डॉक्टर लिली यांनी १९६३ मध्ये केली. छातीत पाणी दाटलं असेल तर कधी कधी ते बारीक नळीने काढता येतं.

तुम्ही लिहिलंय की तिचा रक्तगट ए पॉझिटिव्ह आहे, म्हणजे आरएचचा प्रश्न नाही. बहुतेक नाही, खरं आहे. आईचं निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असताना होणारा हा आजार अँटी-डी इंजेक्शनमुळे पुष्कळ कमी झालाय. आता दहातल्या नऊ वेळा कारण दुसरंच असतं. पण पॉझिटिव्ह बायांच्या रक्तातही क्वचित दुसऱ्या प्रकारची प्रतिद्रव्यं सापडतात, म्हणून इनडायरेक्ट कूम्ब्स नावाची रक्ततपासणी करायचीच. ती कोल्हापुरात होते, उद्याच करून घ्या आणि रिपोर्ट फाइलला लावा. हेही आठवून ठेवा की मधल्या महिन्यांत तिला ताप, पुरळ, सांधेदुखी काही झालं होतं का, किंवा घरातल्या शाळकरी पोरांचे गाल लाल होऊन ताप आला होता का. पार्व्हो नावाचा एक विषाणू पोरांत साधा असतो, पण पोटातल्या बाळाचं रक्त तो आटवतो. वेळेवर कळलं तर ही बाळं रक्त चढवून पुष्कळदा सावरतात.

आणि तारीख बघा. तुमचं पत्र जूनचं आहे. लेक शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तुम्ही माझ्याइतकाच बघितलाय. तिकडच्या गावांना पाण्याने वेढा दिला आणि इकडे शिरोलीजवळ पुण्याचा हायवे दिवसच्या दिवस बंद राहिला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडेल तेव्हा गाडी शोधायची वेळ तुमच्यावर येऊ नये. एरवी आपण सातव्या महिन्यात लेक माहेरी आणतो. या वेळी याच आठवड्यात आणा. पुणे इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे, चार-पाच तास. वाटेत दर तासाला तिला उतरवून थोडं चालवा. तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारा, “बाळंतपण कुठे करायचं, आणि रस्ता बंद पडला तर कुठे?” दोन्ही उत्तरं लिहून घ्या. जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी आहे अशीच जागा हवी. इथे रात्री-अपरात्री काही झालं तर कोल्हापुरातलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय आहे. पैशाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा, सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तोच सांगेल.

आता ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवलीय तो. नात्यात दिली म्हणून झालं का?

ताई, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्ही स्वतःलाच दोषी ठरवून बसलाय. आपल्या भागात आत्याच्या घरी मुलगी देणं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पोरगी परक्यात जाऊ नये, मायेत राहावी, एवढाच तुमचा विचार होता. जवळच्या नात्यातल्या नवरा-बायकोत एकाच आजाराचा दडलेला दोष दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. तसा आजार निघाला तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. पण नात्याचा काडीचा संबंध नसलेल्या जोडप्यांनाही हायड्रॉप्स होतो, आणि मी बघितलेल्या बहुतेक बाया परक्यातच दिलेल्या होत्या. तेव्हा दोष घेऊ नका, पण लपवूही नका. पुण्याच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की ही आतेभावाला दिली आहे. घरात पूर्वी कुणाची बाळं गेली असतील तर तेही सांगा, आणि हे तुमच्या वन्संना विचारावं लागेल. बाळाभोवतीचं पाणी, म्हणजे गर्भजल, सुईने काढून तपासायला सांगतील तेव्हा त्या पाण्यातून गुणसूत्रं, जंतू आणि असे आनुवंशिक आजार तिन्ही बघता येतात. बाळ वाचो न वाचो, तिच्या पुढच्या बाळासाठी ही तपासणी लागणार आहे.

ग्रहणात तिने भाजी चिरली होती असंही तुम्ही लिहिलंय. त्याने काहीही होत नाही. हे तिच्या कानावर कुणी घातलं असेल तर तुम्हीच ते पुसून काढा, आजच.

डॉक्टर कदाचित म्हणतील की बाळाचा आजार फार गंभीर आहे, गरोदरपण थांबवायचं का ते ठरवा. २४ आठवडे उलटले म्हणजे दार बंद झालं असं गावात समजतात. २०२१ च्या बदललेल्या कायद्याप्रमाणे बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही सरकारने नेमलेलं वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत त्यांनी निर्णय सांगायचा असतो. सही लागते ती तिची एकटीची. नवऱ्याची, सासऱ्यांची, तुमची लागत नाही. थांबवायचं की चालू ठेवायचं, दोन्ही तिच्या हातात. चालू ठेवलं तर वर लिहिलेली राखण बाळंतपणापर्यंत चुकवायची नाही. दिवस भरायच्या आधी बाळंतपणाची वेळ आली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याला घाबरू नका. एक गोष्ट मात्र घरातल्या मोठ्यांना सांगाच. सिझर केलं म्हणजे बाळ वाचलंच असं नाही. बाळ जगण्याची आशा नसताना केलेल्या सिझरची खूण तिच्या गर्भाशयावर पुढच्या प्रत्येक बाळंतपणात राहते. डॉक्टर नैसर्गिक बाळंतपणाचा आग्रह धरत असतील तर ते तिची काळजीच घेताहेत.

बाळंतपणानंतर पहिले काही तास तिच्यासाठी जोखमीचे. गर्भजलाने पिशवी फार ताणलेली असते, वार नेहमीपेक्षा मोठी आणि जड असते, त्यामुळे पिशवी नीट आवळत नाही आणि रक्तस्राव जास्त होऊ शकतो. म्हणून रक्तपेढीवर माझा एवढा जोर. सूज आणि बीपीही लगेच जात नाही, पुढचा आठवडाभर मोजत राहायचं.

बाळ गेलं तर, हे लिहिताना माझाही हात जड होतोय, पण नंतर सांगून उपयोग नाही. आपल्याकडे बाळ फडक्यात गुंडाळून आईच्या नजरेआड करतात, तिला त्रास नको म्हणून. वर्षांनंतर माझ्यासमोर बसून “कसं दिसत होतं हो?” असं विचारणाऱ्या बाया मी बघितल्यात, आणि मला उत्तर देता आलेलं नाही. तिला विचारा, बघायचंय का, हातात घ्यायचंय का. हो म्हणाली तर घेऊ द्या. नको म्हणाली तर आग्रह नको. आनुवंशिक तपासणी आधी झाली नसेल तर बाळाचा नमुना आणि वार तपासणीसाठी ठेवायला डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला दूध येईल. हे कुणी आधी सांगत नाही आणि पोरगी एकटी न्हाणीत भिजलेला ब्लाउज बघून कोसळते. तुम्ही तिला आधी सांगा. दूध आटवायची गोळी असते, पण जिचं बीपी चढलंय तिला ती चालेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितली तरच. घट्ट बांधून टाकू नका, अंगाला नीट बसणारी ब्रा आणि थंड पट्ट्या पुरतात. ओल्या बाळंतिणीचं खाणं, शेक, विश्रांती, सगळं करा, कारण ती बाळंतीण आहेच. महिना-दीड महिना उलटूनही ती झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागली, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलतात. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर तिला एकटी सोडायची नाही, सरळ दवाखान्यात न्यायची.

राहिलं शेवटचं, तिला सांगायचं. हे तुम्हीच करायचं. श्वास लागला, डोकं ठणकलं, तर पहिल्यांदा तिलाच कळणार आहे, आणि कशाची भीती आहे हेच ठाऊक नसेल तर ती म्हणेल, जाऊ दे, सकाळी बघू. तिला घरी आणल्यावर, दार लोटून, जवळ बसून सांगा: “बाळाच्या अंगात पाणी झालंय. ते बरं होईल का हे मला माहीत नाही, ते विचारायला आपण पुण्याला जाणार आहोत. तू काही चुकीचं केलेलं नाहीस. तुझ्या अंगावर सूज येतेय का ते मी रोज बघणार आहे, आणि तुला काही वेगळं वाटलं तर रात्री दोन वाजताही मला उठवायचं.”

एवढं बोलून थांबा. ती रडेल, कदाचित चिडेल, आधी का सांगितलं नाही म्हणेल. म्हणू द्या. आणि जमलं तर त्याच दिवशी कासाराला घरी बोलवून तिच्या हातात एक माप मोठ्या बांगड्या भरून घ्या.